हेल्मेटखालची वायर

आबांची, माझ्या वडलांची, नजर हळूहळू गेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. मेंढ्या समोर असल्या की दिसायच्या, बाजूला सरकल्या की नाहीशा व्हायच्या. त्यांना वाटायचं, मेंढ्याच जास्त भटकायला लागल्यात. आम्ही जालन्याला डॉक्टरांकडं नेलं तोवर काचबिंदूनं एक डोळा पुरता घेतला होता, दुसऱ्यात थोडा उजेड उरला होता. पुढं तोही गेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मोतीबिंदू असता तर काढला असता, ह्यात गेलेली नजर परत येत नाही. आबा म्हणाले, "बराबर हाय." जणू डॉक्टरांनाच धीर द्यायचा होता.

मेंढ्या विकल्या. जन्मभर रानोमाळ हिंडलेला माणूस पिंपळगाव रेणुकाईच्या घरात ओट्यावर बसून राहायला लागला. माय शेतात जायची, मी कामावर. मी बियाण्याच्या कंपनीत आहे. शेतकऱ्यांनी शेडनेटच्या जाळीखाली बियाण्यासाठी लावलेली मिरची, टोमॅटो बघत गावोगाव फिरायचं, मधूनमधून जालन्याच्या ऑफिसात तोंड दाखवायचं. निम्मा दिवस मोटरसायकलवरच जातो.

आबांना बटनांचा साधा फोन घेऊन दिला होता. एक बटन दाबून धरलं की मला लागायचा. पहिल्यांदा लावला तेव्हा मी गाडीवर होतो, कानात इअरफोन, वर हेल्मेट.

"कुठं हायेस?"

"केदारखेड्याजवळ आलो, आबा."

"आता काय दिसून राह्यलं?"

मी गडबडलो. रोजचा रस्ता. त्यात काय दिसतं? तरी सांगायला लागलो. कपाशी फुटलीय. बाया वेचून राह्यल्यात. एक पिवळं लुगडं, बाकीच्यांनी वरून शर्ट घातलेत. पुढं पूर्णेचा पूल. पाणी एका कडंनं, बाकी वाळू.

"मेंढरं हायेत का पुलाखाली?"

"हायेत."

"काळी जास्ती का पांढरी?"

मी गाडी हळू केली आणि नीट बघितलं. "काळी."

"मंग ते नदीच्या खालच्या अंगाचे धनगर असतील," आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. मी बघायचो, ते ऐकायचे. कुठं विहिरीचं काम चाललंय, कुणाच्या मक्याला कणसं लागली, लिंबाखाली कुणाची बैलं बांधलीत. मला न दिसणाऱ्या गोष्टीही ते विचारायचे. वारं कुठून हाय? धूळ कुठं चालली? हळूहळू मलाही ते दिसायला लागलं.

सगळं त्या इअरफोनच्या वायरीवर चालायचं. माझ्या फोनचा स्वतःचा माईक पावसात भिजून बंद पडला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, उघडला तर आहे तो फोनही जाईल, गॅरंटी देत न्हाई. म्हणून तसाच ठेवला. वायरीवरच्या बारक्या माईकमधून आवाज जायचा, तो मी हेल्मेटच्या पट्ट्यात गालाजवळ खोचून ठेवायचो.

पण गाडीवर इअरफोन टिकायचेच नाहीत. हेल्मेट घालताना कानातलं रबर दुमडायचं, काढताना बोंडासकट बाहेर यायचं. शेडनेटमध्ये घामानं भिजलेलं डोकं, वरून रस्त्याची धूळ. आधी एक कान मुका व्हायचा. मग पिनेजवळ वायर सैल व्हायची आणि मान वळवली की आवाज जायचा. मी पिनेला टेप गुंडाळायचो, खिशात फोन उलटा ठेवून बघायचो, वायर शर्टाच्या आतून घ्यायचो. स्वस्तातले घेतले, महागाचे घेतले. बिनवायरचेही आणले, पण त्यात आबांना नुसता घूं घूं आवाज जायचा, आणि शेवटी त्यातला एक कुणाच्या तरी मिरचीच्या सरीत पडला तो सापडलाच नाही.

भोकरदनच्या मोबाईलवाल्याची ओळख झाली होती. मी दुकानात पाय टाकला की तो हसायचा.

"टिकणारा दे एखादा."

"भाऊ, गाडीवर कोणताच टिकत न्हाई. हे घरात पडून गाणे ऐकायला बनवलेत. तुम्ही ह्याच्यावर हेल्मेट दाबता, घाम, धूळ… त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

त्या दिवशी मी जालन्याहून परत येत होतो. दुपार टळली होती. राजूर मागं टाकलं आणि आबांचा फोन आला. एकच कान चालू होता, तो डावा. नेहमीसारखं सुरू झालं. मी ज्वारीबद्दल काहीतरी सांगत होतो. एका खड्ड्यात गाडी आदळली, वायरीला हिसका बसला, आणि माझं वाक्य संपलं तरी आबा गप्पच.

मग म्हणाले, "का रं? वारं कसं थांबलं?"

मी म्हणालो, "आबा, ऐकू येतंय का?"

"हॅलो. अरे वारं थांबलं. गाडी थांबली का?"

मला सगळं ऐकू येत होतं. माझं काहीच पोचत नव्हतं. माईक गेला होता. आबांच्या कानात रोज माझ्या आवाजामागं वाऱ्याचा घोंगाट असायचा. त्यांच्यासाठी तो घोंगाट म्हणजे मी चालतोय. आता तो बंद झाला होता, माझा आवाजही बंद झाला होता.

"पडला का रं तू? बोल की! बाळा?"

मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं, माईक तोंडाशी धरून ओरडलो. वायर हलवली, पिन काढून घातली. फोन बंद करून पुन्हा लावला. त्यांनी उचलला, "हॅलो, हॅलो" केलं, आणि मग त्यांचा श्वास जोरात वाजायला लागला. काठीचा आवाज आला. ओट्याच्या पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

नजर गेल्यापासून आबा एकटे अंगणाबाहेर गेले नव्हते.

रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मी हेल्मेट घातलं, तो एक कान खोलवर दाबला आणि गाडी पळवली. कानात आबा चालत होते. काठी मातीवर, मग डांबरावर. ते वाटेत कुणाला तरी विचारत होते, "भोकरदनचा रस्ता ह्योच ना?" आणि फोनमध्ये मला सांगत होते, "आलो मी. घाबरू न्हाई. आलो." मग एकदम कर्कश हॉर्न वाजला, इतका जवळ की मीच गाडी बाजूला घेतली. ब्रेक करकरला. कुणीतरी शिवी दिली. आणि फोन बंद पडला.

केदारखेड्याला एका हॉटेलवाल्याचा फोन मागून आबांना लावला. स्विच ऑफ. जुना फोन, बॅटरी कधीच टिकत नव्हती. माय शेतात फोन नेत नाही. शेजाऱ्याचा नंबर बघून लावला तर ते म्हणाले, "मी बाजारात हाय भोकरदनला. काय झालं?" काय झालं ते मला तरी कुठं माहीत होतं. मी म्हणालो, "कोणाला तरी रस्त्यावर पाठवा, जल्दी," आणि निघालो.

आता दोन्ही कान गप्प होते. त्या सबंध वाटेवर मला काय दिसलं ते मी आजही सांगू शकत नाही.

गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला मिरचीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. त्याच्या सावलीत आबा बसले होते, पायात एकच चप्पल. टेम्पोवाला मला बघताच उखडला. "तुमचे आबा का हे? बिलकुल मधात आले हो गाडीच्या. मी शिवी दिली, मंग डोळे पाह्यले त्यांचे. हलूनच न्हाई राह्यले इथून. म्हणत्यात पोरगं पडलंय, तिकडं नेऊन सोड."

मी खाली बसलो. "आबा, मी हाय."

त्यांनी हात पुढं केला. आधी डोकं चाचपलं, मग तोंड, खांदे, दोन्ही हात कोपरापर्यंत, गुडघे. सगळं तपासून झालं तेव्हा म्हणाले, "रगत न्हाई कुठं?"

"न्हाई आबा. वायर खराब झाल्ती. मी बोलून राह्यल्तो, तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

"वायर," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा माझं डोकं चाचपलं. टेम्पोवाल्यानं पाण्याची बाटली दिली, त्यांची दुसरी चप्पल शोधून आणली आणि निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मी नवा फोन घेतला, नवे इअरफोनही घेतले. भोकरदनपर्यंत गेलो तरी आबांचा फोन नाही. मीच लावला.

"गाडीवर हायेस?"

"हो."

"ठेव मंग." आणि त्यांनी ठेवला.

संध्याकाळी घरी जाऊन मी दिवसभराचं सांगायला बसायचो. मेंढरं दिसली, अमुक गावाला पाण्याचा टँकर दिसला. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "ते होऊन गेलं ना आता. ती मेंढरं कव्हाच पुढं गेली असतील."

माय मला स्वयंपाकघरात म्हणाली, "दिवसभर फोन हातात धरून बसत्यात. लावत न्हाईत." मी आबांना समजावलं, की नवा फोन चांगला आहे, वायर गेली तरी बोलता येतं. ते मान हलवायचे. पण त्या दिवसाची शांतता त्यांच्या कानात बसली होती, ती माझ्या नव्या फोनला काढता आली नाही.

आता मी वाटेत थांबतो. गाडी बंद करतो, हेल्मेट काढून आरशाला अडकवतो आणि उभा राहून फोन लावतो. सावली असते म्हणून बहुतेक वेळा एकाच बाभळीखाली. ते आधी विचारतात, "गाडी बंद हाय ना?" हो म्हटलं की गप्प राहतात, म्हणजे सांग. मी सांगतो. समोर दोन शेडनेट हायेत. डाव्या अंगाला तूर. एक बोर्ड हाय, त्यावरचा रंग उडालाय. पलीकडं नांगरलेलं रान.

परवा सगळं सांगून झालं तरी ते काही बोलले नाहीत. मी विचारलं, "आबा, ऐकून राह्यले ना?"

"ऐकून राह्यलो," ते म्हणाले. "पण कालबी हेच सांगितलं व्हतं तू."