कमलबाईंचा पाठिंबा

नायगावात कुणाचीही सभा असली की कमलबाई पहिल्या रांगेत बसायच्या आणि भाषण सुरू झालं की डोळे मिटून घ्यायच्या. नवख्या पुढाऱ्याला वाटे, म्हातारीला डुलकी लागली. भाषण संपलं की नेमका पहिला प्रश्न त्यांचाच येई. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवले की हार दिसतात, गर्दी दिसते, सर. मला माणूस काय बोलून राहिला ते ऐकायचं असतंय."

आम्ही एकाच शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर बाईंनी पक्षाचं काम अंगावर घेतलं आणि मलाही ओढलं. सगळ्या जातीधर्मांना धरून चालणारा, मोकळ्या विचारांचा म्हणवणारा आमचा पक्ष. पण त्याचेच दोन गट झालेले. दोन्हीकडे पुस्तकं तीच, घोषणा त्याच, आणि चहाला मात्र वेगवेगळी हॉटेलं. विधानसभेच्या उमेदवारीसाठी दोन नावं पुढं आली. एक विश्वजित, बाईंचाच विद्यार्थी. हुशार, नम्र, बोलायला लागला की ऐकत राहावं असा. दुसरे हणमंतराव. तोंडानं फटकळ. भर बैठकीत ते एकदा बाईंना म्हणाले होते, "बाई, शाळा सुटली आता. बसा खाली." त्यानंतर वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं.

साहजिकच सगळे धरून चालले होते की बाई विश्वजितच्या बाजूच्या. मीही.

त्याच सुमारास उमरीजवळच्या एका गावात बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीनं, ज्योतीनं, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी लग्न केलं. माहेरच्यांनी तोंड फिरवलं. सासरच्यांनी दारात छोटा मांडव घालून जेवण ठेवायचं ठरवलं, तर गावातलं कुणी यायला तयार होईना. बाईंनी दोन्ही इच्छुकांना फोन लावला, माझ्यासमोरच.

विश्वजित म्हणाला, "बाई, मी मनानं त्यांच्याबरोबर आहे. पण निवडणूक तोंडावर आली. आत्ता गेलो तर ते गाव एकगठ्ठा विरोधात जाईल. निकालानंतर नांदेडला दोघांचा मोठा सत्कार करू ना आपण!"

"बरं," एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला.

हणमंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवायला काय हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवात पोचलो, तसे तेही आले. भाषण नाही, फोटो नाही. पंगतीत मधोमध मांडी घालून बसले आणि वाढणाऱ्या ज्योतीला म्हणाले, "वरण झकास झालंय, पोरी. आण आणखी." रस्त्यावर घुटमळणाऱ्या सरपंचाला त्यांनी हाक मारली, "काय ओ, उपास हाय का?" सरपंच ओशाळून आत आला. त्याच्यामागून आणखी चारदोन जण आले. ज्योती आत जाऊन रडली आणि डोळे पुसून पुन्हा वाढायला आली.

आठवड्यानं मुंबईहून आलेल्या निरीक्षकांनी नांदेडच्या विश्रामगृहात कार्यकर्त्यांची मतं घेतली. बाईंनी हणमंतरावांचं नाव सांगितलं आणि कारणही सांगितलं. बातमी आमच्याआधी व्हरांड्यात पोचली होती. विश्वजित समोर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, मला बोलायला तुम्ही शिकवलंत. आणि तुम्हीच..."

"हाव. बोलतोस लई छान," बाई म्हणाल्या. "माया तर हायच रे तुझ्यावर. ती कुठं जाणार न्हाई. पण पाठिंबा मायेवर देत नसतात. त्या लेकरांना आपली गरज कधी होती? निकालानंतर?"

तो वाकून पाया पडला आणि गेला. परतीच्या बसमध्ये बाईंनीच विषय काढला. "लई वाईट वाटून राहिलं, सर," म्हणाल्या, "पण चुकलं असं वाटत न्हाई."

उमेदवारी हणमंतरावांना मिळाली. विश्वजित काही दिवस रुसला, मग आपणहून प्रचाराला आला. ज्योतीच्या गावातली सभा त्यानंच मागून घेतली. हणमंतराव थोडक्यात निवडून आले. पहिल्याच बैठकीत बाईंनी पिण्याच्या पाण्याचा विषय काढला, तसे आमदारसाहेब तडकले. बाहेर पडताना बाई मात्र खुशीत होत्या. "चिडतोय म्हणजे ऐकून राहिलाय. मान डोलावली असती तर मला काळजी वाटली असती."

आता त्या लेकीकडं लातूरला राहायला गेल्यात. गुडघे दुखतात, एकटीनं राहणं जमत नव्हतं. मला वाटलं होतं, तिथं नातवंडांत रमतील, राजकारण सुटेल. परवा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"सर, इथल्या पक्षात तीन गट हायेत! आपल्याकडं दोनच होते. सगळ्यांनी मला चहाला बोलावलंय."

"मग कुणाकडं जाणार?" मी विचारलं.

"तिघांकडं. चहा घ्यायला काय जातंय? पाठिंब्याचं मात्र निवांत बघणार. गडबड हाय कुणाला?"