जेंबेच्या क्लासातले संशयी

ग्रुपमध्ये एक जरी संशयी माणूस असला, तरी किस्से आपोआप साठत जातात. आमच्याकडे तर सगळेच तसले!

२००५च्या सुमाराची गोष्ट. ओहायोतल्या डब्लिनमध्ये दर शनिवारी दुपारी आम्ही जेंबे शिकायला जायचो. जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला, हातांनी वाजवायचा ढोल. शिकवणारा मामादू गिनीचा. लोकांच्या कुळांची गाणी गायची, हे त्याच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. क्लासात मराठी आम्ही तिघंच: मी, नागपूरचा संजय आणि रिटायर्ड डॉक्टर कुलकर्णीकाका. काका तबला शिकलेले.

*

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "या तालाच्या मात्रा किती?"

मामादू म्हणाला, "आम्ही मोजत नाही. ऐकतो."

काका माझ्या कानाशी पुटपुटले, "लपवतोय! घराण्याची चीज परक्याला कोण देतं?"

*

एकदा पार्किंग लॉटमध्ये कुणाच्या तरी गाडीत हिप-हॉप दणदणत होतं. मामादू थबकला. "या ठेक्याचं मूळ आमच्याकडे. गुलामांबरोबर समुद्र ओलांडून आला, ब्लूजमध्ये शिरला, मग रॉकमध्ये..."

संजयला पटेना. "यार, सगळं यांच्याकडूनच आलं म्हणे! असं बोलणारा माणूस मी आधी कुठेतरी बघितलाय."

आम्ही दोघांनी काकांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? वेदातल्या विमानांचं मी पुराव्यानिशी सांगतो!"

*

संजय बेलव्ह्यूला भावाकडे निघाला, जेंबे घेऊन. ते दिवसच असे, की दाढीवाला देशी दिसला की एअरपोर्टवरचे सिक्युरिटीवाले सावध व्हायचे.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही, तर एवढं धूड कशाला नेतोस? वाजव!"

"शिकतोय अजून, क्लासला जातो," म्हणत संजयनं घामाघूम होत वाजवलं. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. "जा. पण क्लास सोडू नकोस!"

*

आता कुलकर्णीकाकूंचा किस्सा. शनिवार आला की काका इस्त्रीचा शर्ट घालतात, सेंट मारतात, जेवताना टेबल बडवतात. काकूंना संशय आला. एका शनिवारी त्या मागोमाग ड्राइव्ह करत थेट क्लासात!

मामादूनं त्यांना खुर्ची दिली. त्यांचं नाव विचारलं, मग आईचं, मग आजीचं. आणि डोळे मिटून गायला लागला. भाषा कुणालाच कळेना, पण मधूनच ती तीन नावं ऐकू यायची. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

काका चपापले. "काय गातोय कोण जाणे! तुला काही कळलं का?"

"नाही. पण माझ्या आईचं नाव घेतलं त्यानं." काकू त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा बघू, काय होतं ते नाव?"

काकांनी जेंबे पुढे ओढला आणि जोरजोरात वाजवायला सुरुवात केली.