वाटीतला सूर

सिंधूने चिंच लावून देवाची निम्मी भांडी घासली होती, तेवढ्यात शेजारचे साहेबराव दारात आले. "सिंधूताई, ती नैवेद्याची वाटी घटकाभर द्या की."

साहेबराव लातूरच्या एका बँडात ट्रम्पेट वाजवायचे. हयातभर दुसऱ्यांच्या वराती गाजवल्या. उद्या मात्र घरातच नातीचं बारसं, आणि तिथंच वाजवायची बंदी. "मामा, लेकरू दचकंल," असं सुनेनं, लुंबिनीनं बजावलं होतं.

अमेरिकेतल्या जॅझ वादकांच्या जुन्या रेकॉर्डी म्हणजे साहेबरावांचा जीव. त्यातली लाडकी एक त्यांनी मोबाईलवर लावली. "ऐका. ह्यो गडी ट्रम्पेटच्या तोंडावर वाटीवाणी काहीतरी धरून वाजवायलाय."

"देवाची वाटी अन् बाजाला?" सिंधू म्हणाली खरी, पण ओठ मिटून कुणी गुणगुणावं तसा तो सूर येत होता. तिने वाटी धुऊन दिली आणि स्वतःही मागोमाग गेली.

पाळण्याजवळ साहेबरावांनी वाटी धरून हळूच फुंकलं. गल्ली हादरवणारं ते पितळ चक्क कुजबुजू लागलं. बाळाने डोळे उघडले, जरा ऐकलं, आणि जांभई देऊन पुन्हा मिटले. सिंधूचे हात आपोआप जोडले गेले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या पोटात एवढी माया असते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मामा, उद्या पाळणा तुम्हीच वाजवा," लुंबिनी म्हणाली. "फक्त वरातीवाणी नाचू नका!"

साहेबराव हसले, पिशवी उचलली आणि घुगऱ्यांसाठी हरभरे आणायला बाजारात गेले.