तीस उपाशी जणी आणि मावशीचा हात

माझ्या मावशीला स्वस्थ बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान आहे आणि तिथे ती दिवसभर कपड्यांशी भांडत असते. "ये इकडे, पळतोस कुठे?" हे शर्टाला. "मालक झोपतानासुद्धा काढत नाही वाटतं तुला," हे विजारीला. एखादी कॉलर बसेना की तिला अशी झाडते की रस्त्यावरून जाणारा माणूस उगाच स्वतःची कॉलर चाचपून बघतो.

आई कारखान्यात पाळीवर जाते, त्यामुळे मला आणि माझ्या धाकट्या भावाला वाढवलं ते मावशीनंच. भाऊ चार वर्षांचा. इस्त्रीच्या टेबलाखाली बसून तो कपड्यांतून निसटलेली बटणं गोळा करतो, म्हणून सगळे त्याला बटणच म्हणतात. मावशीच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी मावशीला काळा आजार झाला होता. महिनाभर ताप, पोटात सुजलेली प्लीहा, अंगात त्राण नाही. औषधांनी बरी झाली आणि आठवड्याभरात पुन्हा टेबलामागे उभी. मग तीन वर्षांनी तोंडाभोवती आणि हातांवर फिकट डाग उमटायला लागले. गिऱ्हाइकांनी विचारलं की म्हणायची, "वाफ लागते हो. माझ्या जागी उभे राहा, तुमचीही अशीच नक्षी होईल." दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. आम्हीही वाफेवर विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी बटणला ताप आला. उतरेचना. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, काळा आजारच आहे. बटणवर उपचार झाले, तो बरा झाला, बेडवर उड्या मारून परिचारिकेच्या शिव्या खाऊ लागला. निघायच्या दिवशी डॉक्टर मावशीच्या हाताकडे बघत राहिले.

"मावशी, हे डाग कधीपासून?"

"वाफेचे आहेत."

"अगदी सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. अवघड गोष्ट सांगायची असली की ते अशीच सुरुवात करतात. "जुन्या आजाराचे जंतू कधीकधी कातडीत लपून बसतात. तुम्हाला त्रास काहीच नाही. पण वाळूमाशी चावली, तर तुमच्या कातडीतले जंतू तिच्या पोटात जातात. तिथे ते वाढतात. मग ती दुसऱ्या कोणाला चावते."

मावशीनं डाग असलेला हात मागे घेतला. मग विचारलं, "म्हणजे बटणला माझ्यामुळे?"

"तसं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. आणि शिवल्यानं, जवळ घेतल्यानं हे लागत नाही. मध्ये माशी लागते. पण तुमच्याकडून माशीला जातं का, हे मात्र बघता येतं. माश्यांनाच विचारायचं."

असं आम्ही माश्यांच्या खोलीत पोचलो.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, दोन दारं आणि मध्ये जाळीचा पडदा असलेली ती खोली. आत दमट, उबदार, अंधारलेलं. माश्या वाढवणाऱ्या बाई दारापेक्षा उंच आणि आवाज मात्र मुंगीचा. तिथे सगळं कुजबुजतच बोलायचं असतं असं त्यांच्या अंगात भिनलंय. मावशीनं त्यांचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, माशीबाई.

"या माझ्या मुली," माशीबाई कुजबुजल्या. जाळीच्या पिंजऱ्यात पिवळसर ठिपके उड्या मारत होते. डासाच्या निम्म्याही नाहीत, पंख वर उभारलेले, आवाज शून्य. "इथेच जन्मल्या. अंड्यापासून इथवर यायला सहा आठवडे लागतात. कोणाला चावल्या नाहीत, त्यामुळे पोट कोरं. कालपासून उपाशी ठेवल्यात."

"अरेरे," मावशी म्हणाली. "मग वाढा की."

जाळीचं तोंड असलेल्या एका छोट्या डबीत तीस माद्या होत्या. ती डबी मावशीच्या हातावरच्या डागावर बांधली आणि वर काळं कापड टाकलं. मावशीची नजर कापडावर. "हे काय चुरगळलेलं कापड? आजाऱ्यांसमोर असलं आणता?"

"अर्धा तास हलायचं नाही," माशीबाई म्हणाल्या.

अर्धा तास! पाचव्या मिनिटाला मावशी डबीशी बोलायला लागली. "एकेकीनं या गं. ढकलाढकली करू नका. ए, कोपऱ्यातली, तू लाजतेस काय?" डॉक्टर हसू दाबत सांगत होते की माशीची सोंड इंजेक्शनच्या सुईसारखी शीरबीर शोधत नाही, कातडी खरवडून जे थेंबभर साचतं ते पिते. म्हणून कातडीतले जंतू तिला सापडतात, रक्ताच्या तपासणीत सापडले नाहीत तरी.

डबी काढली तेव्हा सव्वीस जणींची पोटं लालचुटुक टम्म फुगली होती. "छान जेवल्या," माशीबाई म्हणाल्या. लग्न लावून आल्यासारखा चेहरा.

"आता पुढे काय करणार त्यांचं?" मावशीनं विचारलं.

"तीन दिवसांनी पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार."

"म्हणजे मरणार?"

"हो."

"माझ्यासाठी?" मावशी एवढंच म्हणाली. घरी येईपर्यंत पुढे एक शब्द नाही. ती चूप बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

तीन दिवसांनी कळलं, सव्वीसपैकी सहा जणींच्या पोटात जंतू सापडले.

"पण मी तर ठणठणीत आहे!"

"तीच तर अडचण आहे, मावशी. ताप असलेला माणूस औषधाला येतो. ठणठणीत माणूस कशाला येईल?"

बारा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, बारीक जाळीची मच्छरदाणी लावा, भिंतीच्या भेगा बुजवा, आणि बटणला खुशाल जवळ घ्या. पण मावशीनं आपला नियम केला. "माश्या 'नाही' म्हणेपर्यंत मी त्याच्याजवळ झोपणार नाही." वळकटी उचलून दुकानात गेली. मच्छरदाणी लावून इस्त्रीच्या टेबलावर झोपायला लागली. गोळ्यांनी मळमळायचं तरी एकही चुकवली नाही. बटण रोज अंधार पडायच्या सुमाराला दारात उभा राहून विचारायचा, "माश्या काय म्हणाल्या?" मला माशीबाईंचा आवाज काढून सांगावं लागायचं, "अजून जेवायला बसल्या नाहीत." तो थोडा हसायचा, मग उशीच्या पोटावर हात ठेवून झोपायचा.

बारा आठवडे संपले. पुन्हा तीच खोली, नव्या तीस जणी. मावशी त्या दिवशी न्हाऊन-माखून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत आली. अर्धा तास दगडासारखी बसली. डबी काढली, माशीबाईंनी बॅटरी मारून बघितलं. तीसच्या तीस पोटं सपाट, पांढरी.

"एकीच्याही पोटात नाही!" मावशी ओरडली. "ऐकलंस का गं? घरी जाऊन बटणला सांग!"

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "पोटात जंतू नाहीत असं नाही. पोटात काहीच नाही. प्यायल्याच नाहीत. याला उत्तर म्हणत नाहीत." मग माशीबाईंकडे वळून, "ही तुकडीच कमजोर निघाली वाटतं. त्यांचं खाणंपिणं, खोलीतला दमटपणा, काहीतरी चुकलं असणार."

दारापेक्षा उंच बाई एकदम दाराच्या कडीएवढ्या झाल्या. "मी रोज तीनदा बघत होते हो," त्या पुटपुटल्या.

मावशीनं आपला हात नाकाशी नेला. मी पण वास घेतला. तो माझा सेंट होता. लिंबाचा.

मावशी गप्प राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. मी तर नक्कीच बोलणार नव्हते. तिनं माझ्याकडे बघितलं, माशीबाईंकडे बघितलं.

"त्यांची काही चूक नाही," ती म्हणाली. "मागच्या खेपेला हाताला घामाचा नि खळीचा वास होता. म्हटलं, बिचाऱ्या माझ्यासाठी जीव देतात, तर निदान हात तरी चांगला द्यावा. हिची बाटली चोरली. दोनदा फुसफुस केलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "असल्या वासानं माश्या पळतात, मावशी!" माशीबाई वाकून मावशीच्या हाताचा वास घ्यायला लागल्या आणि इतक्या मोठ्यांदा हसल्या की पिंजऱ्यातल्या सगळ्या मुली भुर्रकन उडाल्या. तो आवाज त्यांच्यात होता हे त्यांनाही ठाऊक नसावं.

म्हणजे आणखी सहा आठवडे. नवी अंडी, नव्या अळ्या, नव्या मुली. आणि बटण पुन्हा दारात. मी माझी बाटली मावशीला देऊन टाकली, चोरी पकडल्यावर मालकानंच माफी मागावी तशी.

तिसऱ्या खेपेला मावशी थेट दुकानातून उठून आली, हाताला घामाचा नि खळीचा वास. निघताना ते काळं कापड मागून घेतलं. "तुमच्या मुली जेवतात तेव्हा वर अशी सुरकुती बघवत नाही मला."

चौथ्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. समोरून माशीबाई आल्या, वाफेच्या ढगातून वाकून आत शिरल्या आणि कुजबुजल्या, "अठ्ठावीस जणी प्यायल्या."

"मोठ्यांदा बोला, वाफेत ऐकू येत नाही," मावशी म्हणाली. ऐकू सगळं येत होतं. तिचा इस्त्रीवरचा हात थांबला होता, एवढंच.

"अठ्ठावीस प्यायल्या! एकीच्याही पोटात जंतू नाहीत! एकीच्याही नाही!"

गल्लीभर ऐकू गेलं. समोरच्या सायकलवाल्यानं कुठली पैज जिंकली म्हणून विचारलं.

मावशीनं इस्त्री उभी ठेवली. फळीवरून ते काळं कापड काढलं, चार घड्या, कडेला कडा, एक सुरकुती नाही, आणि दोन्ही हातांनी माशीबाईंच्या हातात दिलं. "मुलींना सांगा," ती म्हणाली. पुढे काय सांगायचं ते तिला सापडलं नाही. माझ्या मावशीला! माशीबाईंनी मान डोलावली, जणू निरोप पूर्ण मिळाला.

मग मावशीनं टेबलाखाली वाकून बघितलं. "बटण, वळकटी उचल. जड आहे, घरापर्यंत फरफटत आण, पण मळवू नकोस."