पेन्सिलीची फुली

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. कॉलेजातल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल — की हाही भित्रेपणाच?

आधी राग सांगते. तो सांगणं सोपं आहे. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात सरांनी शिकवलं, की जिम असो की पोहण्याचा तलाव, 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' असं छापून खाली सही घेतली म्हणून मालकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. यंत्र धड ठेवणं हे त्याचं काम. ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. कुणीही काहीही छापावं, आणि मोडलेला हात ज्याचा त्यानेच सांभाळावा? मी उभी राहून तावातावाने बोलले. सर म्हणाले, "शाबास! तुझ्यात वकील आहे."

मला बाकाखाली लपावंसं वाटलं. कारण असल्या सह्या मी स्वतः घेतल्या आहेत.

आम्ही गुजरातेत, डिंडोलीत राहतो. वडील कापडाच्या लूमवर कामाला आहेत, आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या भागातल्या एका जिममध्ये काउंटरवर बसायचे. दुपारी दोन ते चार बायकांची वेळ. येणाऱ्या बहुतेक आमच्याच गल्लीतल्या, खानदेशी, धागे कापून कंबर धरलेल्या. त्यांत आमच्या शेजारच्या सुनंदामावशी. आईचं आणि त्यांचं माहेर एकाच तालुक्यातलं. पहिल्याच दिवशी चालायच्या पट्ट्यावरून उतरून धापा टाकत म्हणाल्या, "इतली पयनू, तरी डिंडोलीमाच शे!" एवढं पळूनही जागच्या जागीच, यावर सगळी जिम हसली होती.

नाव नोंदवताना तसलाच एक फॉर्म असायचा, गुजरातीत, बारीक अक्षरात. मालक केतनभाईंनी मला पद्धत शिकवली होती — सही जिथे हवी तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवायची, म्हणजे बायका अडत नाहीत. मी दुपारी गठ्ठा घेऊन फुल्या मारत बसायचे. वाचून कुणालाच दाखवलं नाही. कुणी मागितलंही नाही. मावशींनी फक्त विचारलं, "तू वाची लिन्हं ना? मंग व्हयनं." मी वाचलंय, एवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी फुलीवर एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.

आमच्याकडे असंच चालतं. गल्लीतली एक पोरगी शिकली, की सगळ्यांचे कागद तिच्याकडे. दवाखान्याचा, शाळेचा, लाइटबिलाचा. तिने बोट ठेवलं तिथे सही. मला त्याचा अभिमान होता — आणि मी काय केलं त्या अभिमानाचं?

वजन खाली ओढायचं एक यंत्र होतं. त्याची दोरी पोलादी तारांची. एक दिवस मला दिसलं, चार तारा तुटून बाहेर आल्या होत्या. केतनभाईंना सांगितलं. ते म्हणाले, टेप मार, माणूस येईल पुढच्या आठवड्यात. मी काळी टेप गुंडाळली. नीट, घट्ट, तारा दिसणार नाहीत अशी. यंत्रावर 'बंद' अशी साधी चिठ्ठी लावायला काय लागलं असतं? मी ती लावली नाही.

पाचव्या दिवशी दोरी तुटली. लोखंडी दांडा मावशींच्या उजव्या हातावर आला. तीन बोटं चिरडली. ती आता मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही — आणि कात्री गेली म्हणजे मावशींचं काम गेलं.

मावशींनी ग्राहक आयोगात दावा लावला. त्यांच्या वकिलांनी विचारलं, साक्षीला कोण आहे? त्या माझ्या आईसमोर म्हणाल्या, "तिले इचारा. ती खोटं बोलाव नही."

दोन दिवसांनी केतनभाईंनी बोलावलं. चहा मागवला. "तारे तो भणवानुं छे ने, बेन?" म्हणाले. शिकायचंय ना तुला. मग या लफड्यात आमच्या बाजूने दोन ओळी लिहून दे, एवढंच. धमकी नव्हती. त्यांच्या वकिलांनी माझ्या नावाचं शपथपत्र तयारच ठेवलं होतं. त्यात होतं — यंत्र सुस्थितीत होतं. सदर महिलेने ते चुकीच्या पद्धतीने ओढले. फॉर्ममधील मजकूर मी तिला तिच्या मातृभाषेत वाचून समजावला होता.

तिच्या मातृभाषेत!

मावशींनी न वाचता सही केली होती. मी प्रत्येक ओळ वाचली. दोनदा. खाली कारकुनाने पेन्सिलीने छोटी फुली मारून ठेवली होती. मी त्या फुलीवर सही केली. आईला सांगितलं, मला कुणी काही विचारलंच नाही. मावशींच्या वकिलांकडे माझा निरोप गेला, की माझी परीक्षा आहे.

दावा फेटाळला गेला. मला राग येतो केतनभाईंचा, त्या फॉर्मचा, 'तुमचीच चूक' असं सभ्य भाषेत लिहून देणाऱ्या वकिलाचा. मावशींना 'जिमवाल्यांनी साक्षीदार दिला' एवढं एक वाक्य सांगून हात झटकणाऱ्या त्यांच्या वकिलाचाही. पण त्या सगळ्यांना माझी सही लागली. ती नसती तर त्यांच्याकडे काय होतं?

इथे थांबता आलं असतं. पण खरी गोष्ट पुढे आहे.

निकालाची प्रत आली तेव्हा मावशी ती घेऊन आमच्याच घरी आल्या. दुसऱ्या कुणाकडे जाणार? आई धागे कापत होती. मावशी माझ्यासमोर बसल्या, डाव्या हाताने कागद पुढे केला. म्हणाल्या, "वाच बेटा. कोनी सांगं ते तं समजू दे." आपल्याविरुद्ध साक्ष कुणी दिली, ते त्यांना हवं होतं.

मी मोठ्याने वाचलं. सावकाश, समजावून, आमच्या बोलीत. फॉर्म नव्हता वाचला तसा. आठवा परिच्छेद झाला. नववा माझ्या नावाने सुरू होत होता — पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी पान उलटलं आणि दहाव्यापासून पुढे वाचू लागले.

शेवटी मावशींनी विचारलं, "इतलंच शे?"

मी म्हणाले, "हो मावशी. इतलंच."

त्यांनी कागदाची घडी केली. एका हाताने ती नीट होईना, तेव्हा मीच करून दिली.