भिंतीवरचे लाल ठिपके

वर्ध्याजवळच्या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत तपासायच्या कामावर मी रुजू झाले आणि ओलाव्याचं रजिस्टर पाहून माझं डोकंच फिरलं. दर दोन तासांनी यंत्र कापसात खुपसायचं आणि दिसेल तो टक्क्यांचा आकडा लिहायचा, एवढं साधं काम. पण सलग पंधरा पानं आठ, आठ, आठ. धुकं असो की ऊन, ढीग कुठलाही असो, आठच!

हे रजिस्टर भरणाऱ्या ढिगावरच्या बायांना मी चांगलंच फैलावर घेतलं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी आंजीहून रोज एसटीनं यायच्या, शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आठ लिहिलं का कोणी बोलत नाई. एकदा मी अकरा लिहिलं, तं मलेच झापलं."

खरा आकडा लिहिणाऱ्याला शिव्या मिळत असतील तर खरं लिहील कोण? आकड्यावरून कोणाला बोलणार नाही, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं. मग गोदामाच्या भिंतीला चुना लावला आणि वर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. फाटकाजवळच्या ढिगाचा ठिपका गेरूचा, विहिरीकडच्या ढिगाचा निळीचा. ओलावा जास्त तर ठिपका वर. खाली पाळी लिहायची, सकाळची की दुपारची. रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या या बायांना ठिपके काढायला मी काय शिकवणार होते, कपाळ! महिन्याभरात त्या भिंत वाचायलाही लागल्या. "आज लाल चढून राह्यला," असं जेवणाच्या सुट्टीत ऐकू यायचं.

आणि एक दिवस विकलेल्या कापसाच्या गाठी परत आल्या. आतली रुई ओलाव्यानं पिवळी पडली होती. जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, निकालच देऊन टाकला. सकाळच्या बाया कापूस नीट वाळवत नाहीत, सोमवारपासून त्यांना कामावर घ्यायचं नाही. मावशी सकाळच्याच पाळीत, आणि घर त्यांच्या एकटीच्या कामावर चालायचं. मी भांडायला तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "शेठजी, जरा भिंतीपाशी येता काय?"

शेठजी गेले. मावशींनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हे लाल पाहा. सकाळी बी वर, दुपारी बी वर. निळे दोन्ही पाळ्यांत खाली, अन् ते बी आमीच वाळवतो. दोष आमच्या हाताचा असता तं निळे बी चढले असते. त्या जागेतच काई तरी हाय."

ढीग हलवून खोदलं, तर आग विझवण्यासाठी टाकलेला पाण्याचा पाइप जमिनीखाली झिरपत होता. बायांचं काम टिकलं. लेक बोर्डात पहिली आल्यासारखी मी दिवसभर जिनिंगभर मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी व्यापारी येणार होते. पाइप दुरुस्त झाला होता, पण कापूस अजून ओलाच होता. शेठजी हळूच म्हणाले, "मावशी, आजचा दिवस लाल ठिपका आठावर लावून टाका."

मावशींनी यंत्र पाहिलं आणि गेरूत बोट बुडवलं. "शेठजी, काल खऱ्या आकड्यानं आमचं काम वाचवलं. आज मी खोटा कसा लावू?" आणि ठिपका अकरावर लावला.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी भांडले नाही. भांडायला मावशी होत्या.