सिद्ध्या वाचला नाही

परवा माझा दोस्त गेला आणि त्याच्या मरणाच्या बातमीखाली मी हसलो.

खरंच हसलो. तीन पिवळे, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकले.

मंगेशचा मेसेज एवढाच होता, "सिद्ध्या वाचला नाही."

मी लिहिलं, "काऊन बे, साहेबाले चष्मा लागला का आता?"

आणि फोन लॉकरमधे टाकून परत मशीनवर गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

सिद्धार्थ आमच्या उंद्रीचा. खामगावले मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात कामाले होता. मी आठवीतून शाळा सोडली. मग सुरत, मग पुणे, आता इकडं तमिळनाडूत, तिरुपूरले कपड्याच्या कंपनीत. एका जागी बूड टिकत नाही माझं.

सिद्ध्या म्हणे, "तू पुस्तक वाचत जाय. बसल्या जागी हिंडता येते."

गावच्या विहारात एक कपाट आहे. लोकांनी दिलेली पुस्तकं. ज्याच्या घरात जे पडून होतं ते. शेळीपालन, भुताची कादंबरी, कविता, केक कसा करावा, हिमालयात पायी गेलेल्या एका बाईचं पुस्तक. सिद्ध्यानं ग्रुप काढला. तो, गावातलाच मंगेश आणि मी, तिघंच. मी लांब, म्हणून मला तो पानांचे फोटो काढून पाठवायचा. कंपनीच्या बसमधे वाचायचो.

नियम एकच. "मस्त आहे", "भारी आहे" असं लिहायचं नाही. काऊन मस्त ते सांगा.

मंगेशचं कवितांवर मत, "अर्धं अर्धं पान कोरंच सोडलं. बाकीचं लिहायचं राह्यलं का?"

केकचं पुस्तक सिद्ध्यानं त्याच्या आईला वाचून दाखवलं. कमलमावशीचं मत त्यानं जसंच्या तसं टाकलं, "पहिल्याच पानावर ओव्हन मांगते. मी तिथूनच वापस आली."

शेळीपालनावर तो स्वतः, "अख्ख्या पुस्तकात शेळी एकदाही बिमार पडत नाही. मले डाऊट आहे, लिहिणाऱ्याच्या घरी शेळीच नाही."

मी त्या हिमालयवाल्या बाईवर लिहिलं, "बर्फ बर्फ करते, पण रातच्याले जेवली काय ते सांगतच नाही."

मला वाटलं आता हे दोघं माझी उडवतील.

सिद्ध्यानं लिहिलं, "बरोबर. मले बी तेच पाहिजे होतं."

माझ्या मताला बरोबर म्हणणारा तो पहिला माणूस. त्याच्या आधी मला कोणी मत विचारलंच नव्हतं.

आता तो जोक सांगतो.

एकदा मंगेशनं घाईत लिहिलं, "मी वाचलो नाही." लिहायचं होतं, मी वाचलं नाही.

सिद्ध्याचा लगेच रिप्लाय, "अबे मंग टाइप कोण करून राह्यलं? भूत?"

झालं. त्या दिवसापासून ग्रुपवर सरळ कोणी लिहिलंच नाही. पुस्तक संपलं की "मी वाचलो". राहिलं की "वाचलो नाही". मंगेश तर नेहमीच मागं. सिद्ध्या दर रविवारी जाहीर करायचा, "मंग्या या हप्त्यात बी वाचला नाही."

म्हणून परवा तो मेसेज पाहून मला काहीच वेगळं वाटलं नाही. वाटलं, मंग्यानं शेवटी बदला घेतला.

शिफ्ट सुटल्यावर फोन काढला. मिस्ड कॉलच मिस्ड कॉल.

मंगेशला लावला.

"हसून काऊन राह्यला बे तू?" तो ओरडलाच. "ट्रकनं उडवलं त्याले, सकाळी, खामगावच्या रोडवर. दवाखान्यात नेलं, पण..."



मी गेटजवळ खालीच बसलो. वॉचमन तमिळमधे काहीतरी विचारत होता.

"ग्रुपवर काऊन टाकलं बे तू?" मी म्हटलं.

"हात सवयीनं तिथंच गेला. काय लिहिलं ते मले बी समजलं नाही." मग हळूच म्हणाला, "सिद्ध्याचा फोन मावशीजवळ आहे. तिनं पाह्यलं."

दुनियेचे फोन उघडून देणारा माणूस, स्वतःच्या फोनला लॉक ठेवत नव्हता.

मावशी चौथी शिकलेली आहे. माझे तीन हसरे चेहरे वाचायला चौथी पण लागत नाही.

इथून मलकापूर स्टेशन, तिथून उंद्री. अंत्यविधीला मी पोचूच शकत नव्हतो. काल हिंमत करून फोन लावला. त्याच्याच नंबरवर. स्क्रीनवर त्याचाच फोटो.

"मावशी, राजू बोलतो."

"काऊन हसला रे बाबा तू?"

राग नव्हता. आवाज एकदम कोरडा.

मग मी तिला तो जोक समजावून सांगितला. वाचलं काय, वाचलो काय, भूत काय. ज्या माऊलीचं लेकरू गेलं तिला जोक समजावून सांगायचा. अशी वेळ दुश्मनावर येऊ नये.

ती हूं हूं करत ऐकत होती. मागं बायांचा आवाज येत होता.

"म्हंजे तुले वाटलं, त्याचं पुस्तक राह्यलं."

"हो मावशी."

"कुठपर्यंत वाटलं तसं?"

"शिफ्ट सुटेपर्यंत. सांजपर्यंत."

 

"मले तं लोकायनं दुपारीच सांगतलं रे," ती म्हणाली. "तुह्याजवळ सांजपर्यंत होता मंग तो."

आणि मग ती रडायला लागली. मी पण.

सिद्धार्थ, खांदा द्यायला येता आलं नाही. इथूनच हात जोडतो.

जय भीम, भावा.